चार नंबरच्या दोन खुंट्या

सरोवरकाठ,
३ मे

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोचले. बस वाटेत दोनदा बंद पडली. मी तुझ्यासारखी ड्रायव्हरशी हुज्जत घालत बसले नाही, त्यामुळे मागच्या सीटवरच्या बाईंनी दिलेली द्राक्षं खात सुखात आले. खोली आपली नेहमीचीच मिळाली, वरच्या मजल्यावरची चार नंबर. खिडकी उघडली की समोर सगळं पाणीच पाणी. पलीकडचा काठ सकाळी दिसतच नाही, उन्हं वर आली की निळ्या रेघेसारखा उमटायला लागतो. खिडकीची कडी अजून तशीच सैल आहे. कागदाची घडी घालून बसवली. दर वर्षी हे काम ह्यांचं असायचं.

सामान लावताना टॉवेल दोन निघाले. माझा पिवळा आणि ह्यांचा निळ्या पट्ट्यांचा. तीस वर्षं हॉस्पिटलच्या कपडेखोलीत चादरी-टॉवेल लावले, हाताला जोडीनेच उचलायची सवय. भरताना लक्षातही आलं नाही.

खाली धक्क्यावर गेले तर शिट्टीबाई तिथेच उभी. तुला ती माहीत नाही, कारण इतक्यांदा बोलावूनही तू पाण्याच्या भीतीने कधी आला नाहीस. पोहायला उतरायच्या लाकडी धक्क्यावर खुंट्यांची रांग आहे, प्रत्येक खोलीला माणशी एक. पाण्यात जाताना टॉवेल आपल्या खुंटीला लावायचा, बाहेर आलं की काढून न्यायचा. खुंटीवर टॉवेल आहे तोवर माणूस पाण्यात आहे असं समजतात. दिवे लागायच्या वेळी शिट्टीबाई सगळ्या खुंट्यांवरून नजर फिरवते. एखादा टॉवेल राहिलेला दिसला की तीन शिट्ट्या वाजवते आणि काठावरच्या सगळ्या होड्या शोधायला निघतात. इतक्या वर्षांत आम्ही असं कधी पाहिलं नाही, पण नियम म्हणजे नियम.

तर तिने विचारलं, रेडिओवाले कुठे आहेत. लॉजच्या मालकांचा रेडिओ ह्यांनी एका उन्हाळ्यात दुरुस्त करून दिला, तेव्हापासून इथे सगळे ह्यांना रेडिओवालेच म्हणतात. मी म्हटलं, मागाहून येतायत. तोंडातून निघून गेलं. मग मालकांनी विचारलं, होडीवाल्याने विचारलं, त्यांनाही तेच सांगावं लागलं.

तू शनिवारी नक्की ये. फोन काउंटरवर आहे आणि सगळं लॉज तिथे कान लावून बसलेलं असतं, तेव्हा पत्रच लिही. पाकिटावर दर वर्षीसारखी आम्हा दोघांची नावं घाल. नुसतं माझं दिसलं तर प्रश्न विचारतील.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

* * *

घरून,
६ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावर दोघांची नावं लिहायला बसलो. भावोजींच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि पुढे हात चालेना. ते पाकीट टाकून दिलं. नुसतं तुझं लिहावं तर तू रागावणार. म्हणून ‘खोली नंबर चार’ एवढंच लिहिलंय. पोस्टमन हुशार असला तर पत्र तुझ्या हातात असेल.

ताई, तू मोठी, तुला मी काय शिकवणार. पण भावोजी जानेवारीत गेले. तू पायाशी बसली होतीस, मी उशाशी होतो. हे तुला मला पत्रात लिहून सांगावं लागतंय याचंच मला कसंतरी होतंय. उद्या सकाळी शिट्टीबाईंना बाजूला घेऊन सांगून टाक. एका वाक्याचं काम आहे. जितके दिवस लांबवशील तितकं ते वाक्य जड होत जाईल.

इकडचं म्हणशील तर माझं एकट्याचं राज्य आहे. तुझी वहिनी लेकीकडे नातवाला खेळवतेय आणि दर फोनला मुक्काम वाढवतेय. मी तिन्ही त्रिकाळ अंडी उकडतो. काल दोन तुकडे झालेली कवळी एका आजोबांना जोडून दिली. कशी फुटली विचारलं तर म्हणाले, बायकोवर ओरडताना तोंडातून उडाली. आयुष्यभर लोकांचे दात केले, पण घरात माझ्याशी तोंड उघडायला कोणी नाही. असो. हे रडगाणं नाही, विनोद आहे. विनोद म्हणूनच वाच.

शनिवारी सकाळच्या बसने येतो. पाण्यात मात्र उतरणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आहे तो लोभ चांगल्या कवळीसारखा घट्ट बसलेला राहो.

आपला,
भाऊ

* * *

सरोवरकाठ,
९ मे

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवार आला आणि गेला. मी बसथांब्यावर दोन्ही बसना जाऊन उभी राहिले. दुसऱ्या बसमधून एक सायकल, चार गळ टाकणारे आणि एक कुत्रा उतरला. तू नाही. बरा आहेस ना, एवढंच कळव.

तू म्हणतोस एका वाक्याचं काम आहे. तुझा निरोप यायच्या आधीच ते वाक्य हातून गेलं होतं. त्याचं असं झालं. दुसऱ्या दिवशी पोहायला जाताना मी दोन्ही टॉवेल घेऊन गेले. कोणाला फसवायला नाही रे. चार नंबरच्या दोन खुंट्या शेजारी शेजारी आहेत, त्यातली एक रिकामी बघवेना. पिवळा लावला, शेजारी पट्ट्यांचा लावला, आणि ते दोन बघून मला इतकं बरं वाटलं की मी सरळ पाण्यात शिरले. बाहेर येते तर शिट्टीबाई हसून म्हणाली, आले वाटतं रेडिओवाले, आहेत कुठे. मी नुसता लव्हाळ्याच्या आडोशाकडे हात केला. हे नेहमी तिकडेच जायचे ना, पोट वर करून पाठीवर पडून राहायला. ती म्हणाली, यांची सवय काही जाणार नाही.

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या लॉजला कळलं की रेडिओवाले आले. मालकांनी त्यांचा जुना रेडिओ आणून खोलीच्या दाराशी ठेवलाय. सावकाश बघा म्हणाले, घाई नाही. होडीवाल्याने ह्यांची आवडती हिरवी होडी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही असं ठरवलंय. ह्यांचे पाय दुखतात असं सांगून मी दोन ताटं वर मागवते आणि दीड ताट जेवते. उरलेलं अर्धं मासे खातात. मी आणि मासे, दोघंही जाड होत चाललोय.

हसशील तर हस. पण एक सांगते. घरी मी सकाळी उठते तेव्हा ते गेलेले असतात. दुधवाल्याला माहीत आहे, बँकेतल्या पोराला माहीत आहे, जिन्यातली मांजर सुद्धा आता माझ्या एकटीसाठी येते. इथेच तेवढं कोणाला ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या पाण्याच्या काठी एवढी एकच जागा उरलीय जिथे ते पोहायला गेलेत आणि येतीलच. मी तोंड उघडलं की इथेही ते जातील. ते मला माझ्या तोंडाने करवत नाही. तू आलास तर तू सांग. मी खोलीत बसून राहीन.

सकाळी पाणकावळे खांबांवर पंख पसरून बसतात. धोब्याकडे वाळत घातलेल्या कोटांसारखे दिसतात. तुला आवडले असते.

लोभ ठेव, आणि जमलं तर पायही इकडे वळव.

तुझी,
ताई

* * *

घरून,
१२ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. शनिवारी एका नटाची कवळी अडली होती. रविवारी त्याचा प्रयोग होता आणि दातांशिवाय त्याला राजा कोण म्हणणार. ती करून द्यावी लागली, म्हणून राहिलो, असं मी तुला लिहिणार होतो. तसं पत्र लिहूनही झालं होतं.

पण कवळी शुक्रवारीच झाली होती. शनिवारी मी पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. बस लागली. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला. बस गेली. बाकावर बसून दुसरीही जाऊ दिली. डोळ्यांसमोर एकच येत होतं, मी धक्क्यावर उतरलोय आणि तुझ्या त्या शिट्टीबाई मला भावोजी कुठे म्हणून विचारतायत. तू ते माझ्यावर टाकायच्या आधीच मला कळलं होतं की माझ्यावर येणार. ताई, माझ्याही तोंडून ते निघत नाही. परवा दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं तर मी चक्क सांगितलं की ते हल्ली बाहेरगावी असतात. तेव्हा मी तुला उपदेश केला तो परत घेतो.

वहिनीचा मुक्काम आणखी वाढला. तिचा आवाज फोनवर इतका आनंदात असतो की मी लवकर ये म्हणत नाही. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी तुझी पत्रं मोठ्याने वाचतो. ऐकायला कोणी नाही, पण घरात आवाज झालेला बरा.

तू पोहतेस ते ठीक, पण लांब जाऊ नकोस. आता कोणी मागून ओरडणारं नाही.

लोभाची शिल्लक तुझ्याकडे आहे, ती मोडू नकोस.

आपला,
भाऊ

* * *

सरोवरकाठ,
१५ मे

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सगळ्यांना कळलं. कसं ते सविस्तर लिहिते.

काल सकाळी वारा अजिबात नव्हता, धुकंही नव्हतं. समोरचा डोंगर पाण्यात उलटा होऊन थेट आपल्या काठाला लागला होता. मी रोजच्यासारखे दोन्ही टॉवेल लावले आणि पाण्यात उतरले. लव्हाळ्यापाशी आले. तिथून परत फिरायचं हे आमचं ठरलेलं. हे म्हणायचे, जायला दम लागत नाही, यायला लागतो. काल तिथे थांबले, मागून हाक काही आली नाही. मग तशीच पुढे गेले. मध्ये पोहणाऱ्यांसाठी लाकडी तराफा बांधलाय, तिथपर्यंत. मी आयुष्यात तिथे गेले नव्हते.

तराफ्यावर कॉलेजातल्या दोन मुली ऊन खात पडल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि आजी, तुम्ही पूर्वी स्पर्धेत पोहायचात का असं विचारलं. मी हो म्हटलं, थापा मारायचा हात आता बसलाच आहे. मग एक जण उलटं उभं राहून दाखवायला गेली आणि सपशेल पाण्यात आपटली. मला इतकं हसू आलं की उचक्या लागल्या. उचक्या देत देतच परत आले. पाण्यातून वर आले, टॉवेल घेतला, अंग पुसलं, भूक लागली होती म्हणून तडक जेवायला गेले. ताट खालीच मागवलं. एकच. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि वर येऊन गाढ झोपले.

जाग आली ती शिट्ट्यांनी. तीन. बाहेर दिवेलागण झाली होती. मी खिडकीत गेले तर होड्या एकेक करून सुटत होत्या, प्रत्येकीत एक कंदील. माझ्या मनात आलं, बिचारं कोणाचं माणूस राहिलं असेल. खरंच सांगते, असंच आलं मनात.

मग पाण्यावरून हाक आली, रेडिओवाले, ओ रेडिओवाले.

मी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. पाठीवर एकच टॉवेल होता, पिवळा.

इतके दिवस मी त्यांचा टॉवेल रोज नेला आणि रोज आणला. काल पहिल्यांदा माझा एकटीचा घेऊन आले. विसरले. तीस वर्षांत जिने एक फडकं कधी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, ती ह्यांचा टॉवेल विसरून दोन वाढण्या जेवून झोपली.

तेव्हाच धावत सुटायला हवं होतं. भाऊ, मी धावले नाही. जानेवारीपासून त्यांना कोणी हाक मारली नव्हती. भेटायला येणारे येतात, त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतात आणि जातात. इथे पाण्यावर दहाबारा माणसं घसा ताणून त्यांना बोलावत होती. आणि प्रत्येक हाकेनंतर सगळ्या होड्यांची वल्ही थांबत होती, उत्तर ऐकू यावं म्हणून. त्या शांततेत मीही खिडकीची चौकट धरून कान देऊन उभी होते.

किती वेळ, ते मला विचारू नकोस. होडीवाला लव्हाळ्यापाशी सदरा काढताना दिसला तेव्हा भानावर आले. त्याची कंबर गेली आहे, त्याला वाकता येत नाही, आणि तो बुडी मारायला निघाला होता. तेव्हा मी अनवाणी धावले.

शिट्टीबाई धक्क्यावर पट्ट्यांचा टॉवेल छातीशी धरून उभी होती. मला बघून ती रडायला लागली. म्हणाली, कोरडा आहे हो, अगदी कोरडा आहे, सकाळपासून वर आलेलेच नाहीत. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, ते पाण्यात नाहीत, ते जानेवारीत वारले. तिला समजेना. तिने विचारलं, मग हा टॉवेल कोणाचा. मी म्हटलं, त्यांचाच.

तिने परतीची शिट्टी वाजवायला घेतली, पण तिला फुंकर येईना. तिच्या गळ्यातली शिट्टी घेऊन मीच वाजवली. होड्या एकेक करून लागल्या. ती म्हणाली मी सांगते सगळ्यांना. मी नको म्हटलं. प्रत्येक होडी धक्क्याला लागली की तिच्यापाशी जाऊन मी सांगितलं. पहिल्या होडीला आवाज फुटला नाही. शेवटच्या होडीपर्यंत मी ते वाक्य नीट म्हणू शकत होते.

कोणी तरी रागवेल असं वाटलं होतं. रागावलं असतं तर बरं झालं असतं. होडीवाला काढलेला सदरा अंगात चढवत म्हणाला, माझंच चुकलं, मला कळायला हवं होतं, रेडिओवाले चहाच्या वेळेनंतर पाण्यात कधी राहिलेत का. मालक वर आले आणि दाराशी ठेवलेला रेडिओ उचलून घेऊन गेले.

रात्री जेवले नाही. पण झोप लागली.

लोभ आहे तसाच राहू दे, मी मात्र त्याला पूर्वीइतकी पात्र राहिले की नाही ठाऊक नाही.

तुझी,
ताई

* * *

घरून,
१८ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रोजच्यासारखं मोठ्याने वाचायला घेतलं. होड्यांपर्यंत आलो आणि पुढचं मनात वाचलं.

मग मीही एक केलं. हसू नकोस. स्वयंपाकघरात उभा राहून भावोजी अशी हाक मारली. पहिली बारीक निघाली म्हणून दुसरी चांगली दणकून मारली. शेजारच्यांनी दार वाजवलं, काही हवंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, माझे भावोजी वारले. ते म्हणाले, कधी. मी म्हटलं, जानेवारीत. त्यांनी मला घरात नेऊन चहा दिला. इतकी वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो, त्यांच्या घरात मी पहिल्यांदा बसलो.

तू विसरलीस याचं मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण तू लावून घेणारच. मग एवढंच कर, तराफ्यापर्यंत गेलीस याचंही थोडं लावून घे.

पाकिटावर या वेळी नुसतं तुझं नाव आहे. चांगल्या अक्षरात काढलंय. पुढच्या शनिवारी येतो. या वेळी बसमध्ये पहिला चढतो.

लोभ मागायचा नाही, घ्यायला येतो.

आपला,
भाऊ

* * *

सरोवरकाठ,
२१ मे

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या नावाचं पाकीट काउंटरवरून सरळ माझ्या हातात आलं. मालकांनी काही विचारलं नाही. अक्षर बरं आहे, पण ‘श्री’ची वेलांटी अजून तशीच आखूड काढतोस.

मी खोली बदलली. आता तळमजल्यावर अकरा नंबरला आहे, एका माणसाची खोली. खिडकीतून पाणी दिसत नाही, स्वयंपाकघरामागचं अंगण दिसतं आणि उलटे टाकलेले टोप दिसतात. कडी घट्ट बसते. मालक म्हणाले चार नंबर ठेवा, कोणी मागत नाहीये. मी म्हटलं, मागेल कोणी तरी. दुसऱ्याच दिवशी एक जोडपं आलं. ते सारखे भांडतात आणि बरोबर पोहतात. आमच्या खुंट्यांवर आता लाल टॉवेल असतात.

माझी खुंटी रांगेत शेवटची आहे. तिच्या पुढे खुंटी नाही, नुसती फळी. मी लव्हाळ्यापर्यंतच जाते. परवा तराफ्याकडे निघाले होते, अर्ध्यातून परत फिरले. त्या मुली गेल्या आहेत, तराफ्यावर पाणकावळे बसलेले असतात. जमलं तर जाईन पुन्हा. संध्याकाळी शिट्टीबाई खुंट्या बघत बघत शेवटपर्यंत येते, माझी रिकामी दिसली की लॉजच्या दिशेने पाहते. मी अंगणाच्या कोपऱ्यावर उभी असते, हात वर करते. मग ती दिवा लावायला जाते.

तू पुढच्या शनिवारी येशील किंवा बाकावर बसून राहशील. मी दोन्ही बसना उभी राहीन. आलास तर आपला टॉवेल घेऊन ये, पाण्यात उतरायचं नसलं तरी. दुसरी खुंटी आता माझ्याकडे नाही, शिट्टीबाईकडून तुझ्या नावाची मागून घ्यावी लागेल.

माझा पिवळा फारच विटला होता. त्याची पायपुसणी केली. निळ्या पट्ट्यांचा मी वापरते. जाडजूड आहे, चांगलं पाणी टिपतो, उगाच इतके दिवस कोरडा टांगून ठेवला. आत्ता खिडकीत घातलाय, हे पत्र लिहितेय तोवर खाली जमिनीवर थेंब पडतायत. ते पुसायला उठायला हवं, म्हणून इथेच थांबते.

लोभ आहे. पुरवून पुरवून वापर.

तुझी,
ताई